तिसऱ्या दाराचा उंबरा

त्या शाळेत एकही वर्ग पावणेअकरा फुटांहून रुंद नव्हता. लांबी हवी तेवढी, पण रुंदी पावणेअकरा. पहिल्या दिवशी टेप धरून मोजताना मला वाटलं, बांधणाऱ्याचं डोकं ठिकाणावर नसावं. मग मी वर पाहिलं. छताला घातलेले वासे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतांतून आणलेले होते, खारफुटीच्या झाडाचे. तिकडे त्यांना चंदल म्हणतात. ते झाड सरळ वाढतं तेवढंच, म्हणून वासा तेवढा, आणि वासा तेवढा म्हणून वर्गही तेवढाच. मुलं किती बसतील, मास्तरला फळ्यापुढे हात हलवता येईल का, हे कुणी विचारलं नव्हतं.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी एका लहानशा कन्सल्टन्सीत ड्राफ्ट्समन होतो. राहायला शारजात, अल मजाजला, तलावाकाठच्या एका टॉवरच्या अकराव्या मजल्यावर. शाळा होती तिथून तासभर अंतरावरच्या एका खाडीकाठच्या जुन्या गावात. गावाचं नाव लिहीत नाही, त्याने माझं काही वाकडं केलेलं नाही. नगरपालिकेला शाळेचं संग्रहालय करायचं होतं. मी ती इंचन्‌इंच मोजून कागदावर आणायची आणि कुठली भिंत कधीची आहे याचा अहवाल लिहायचा. ऑफिसात मला हे काम मिळालं ते हुशारीमुळे नव्हे. बाकी सगळे नवे टॉवर काढण्यात गुंतले होते आणि पडक्या भिंतींवर वर्षभर घालवायला कुणी तयार नव्हतं.

शाळा बांधली एका मोत्यांच्या व्यापाऱ्याने. मुंबईच्या बाजारात मोती विकून तो गबर झाला होता. तिकडे त्याने शाळा पाहिल्या, आणि आपल्याही गावात एक असावी असं त्याच्या मनाने घेतलं. काम सुरू झालं आणि तिकडे जपान्यांचे पिकवलेले मोती बाजारात आले, जगात मंदी आली, आणि समुद्रात बुडी मारून काढलेल्या मोत्याला कुणी विचारेना. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तशी त्याची गत झाली, फक्त इथे मोती खरोखरचे होते. तरी सुंभ जळला पण पीळ जळला नाही. त्याने शाळा पुरी केली. मधे चौक आणि चौकाच्या चार बाजूंना वर्ग. समुद्रातून काढलेले प्रवाळाचे दगड, त्यांवर जिप्सम भाजून कुटून केलेला गिलावा, त्याला ते जस म्हणतात. एका कोपऱ्यावर वारा खाली ओढून घेणारा बुरूज. तीन बाजूंना दारांवर गिलाव्यातच कोरलेल्या जाळ्या होत्या. तासन्‌तास बघत राहावं असं ते काम होतं.

चौथी बाजू उत्तरेची. ती बोडकी होती. जाळी नाही, कोनाडा नाही, आणि वर्गांची रुंदी साडेनऊ फूट. अख्ख्या कामाचं घोडं या बाजूवर अडलं होतं. ती व्यापाऱ्याच्या काळातली असेल तर ठेवायची, दुरुस्तीचा दुसरा टप्पा काढायचा, आणखी दोन वर्षांचं काम. नंतर कुणी जोडलेली असेल तर पाडायची आणि तिथे पर्यटकांच्या बसगाड्या उभ्या करायच्या. मी अहवालात लिहिलं, उत्तर बाजू नंतरची आहे. रुंदी जुळत नाही आणि नक्षी नाही, एवढं कारण मला पुरेसं वाटलं. माझी इंग्रजी चांगली होती, त्यामुळे कारण होतं त्यापेक्षा मोठं दिसलं.

आता मिस्त्रीबद्दल सांगतो. तो राजापूरकडचा, पन्नाशी उलटलेला. कंत्राटदाराच्या बाकीच्या माणसांबरोबर मुहैस्नाहच्या कॅम्पात राहायचा. कागदावर मुहैस्नाह, तोंडी सगळे सोनापूर म्हणायचे. मुंबईत सोनापूर म्हणजे स्मशान, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही, पण आम्ही त्यावर कधी बोललो नाही. पंधरा वर्षं तो टॉवरांच्या साइटवर ब्लॉक रचत होता. असे मिस्त्री तिथे पायलीचे पंधरा मिळायचे. माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठा होता आणि मी त्याला पहिल्या दिवसापासून अरेतुरे करत होतो. तो मला साहेब म्हणायचा. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

कंत्राटदाराने पहिल्यांदा शाळेच्या भिंतींना सिमेंट फासलं. तीन आठवड्यांत ते पापुद्र्यांनी गळून पडलं. सगळे इंजिनिअर भिंतीकडे बघत उभे होते, तेव्हा हा पुढे झाला, भिंतीवर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"खारट हाय साहेब," तो मला म्हणाला. "ह्या भिंतीला घाम येतो. सिमिट तोंड दाबतंय तिचं."

मी हसलो. पण त्याचा बाप कोकणात शिंपल्यांच्या चुन्यात काम करणारा गवंडी होता, आणि पोराने ते लहानपणी हाताने केलेलं होतं. जस त्याच्यासाठी नवीन होतं. घमेल्यात कालवून उचलेपर्यंत त्याचा दगड व्हायचा. आठवडाभर त्याने घमेलीच्या घमेली वाया घालवली, कंत्राटदाराच्या शिव्या खाल्ल्या, आणि आठव्या दिवशी असा गिलावा केला की जुना कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो हे मला सांगता येईना. मी त्या इमारतीचा सगळ्यात जाणकार माणूस होतो, निदान माझ्या मते.

त्याच सुमाराला कंत्राटदाराने पन्नाशीवरच्या माणसांची यादी काढली होती. यादीतल्यांचा व्हिसा कॅन्सल व्हायचा. मिस्त्रीचं नाव तीत होतं. शाळेच्या कामामुळे ते थांबलं होतं, आणि दुसरा टप्पा निघाला तर दोन वर्षं थांबणार होतं. त्याला ती दोन वर्षं कशासाठी हवी होती हे साइटवर पाणी देणाऱ्यापासून सगळ्यांना पाठ झालं होतं. मुलगी डी.एड.ला होती.

"मी दुसरी नापास," तो सांगायचा. "पोरगी मास्तरीण होणार माझी. दोन वर्षं फक्त. मग मला कोण ठेवतो, मीच जातो."

एका शुक्रवारी आमच्या घरी सत्यनारायण होता. बायकोने त्यालाही बोलावलं, कारण मी त्याच्याबद्दल घरी सारखा बोलायचो. तो धुतलेला शर्ट घालून आला आणि दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसला. सोफ्यावर जागा होती. मी त्याला वर बस म्हणालो नाही. ऑफिसातली दोन माणसं बसली होती, त्यांना काय वाटेल हा विचार होता. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. तिने सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "बाबा, व्हाय इज ही सिटिंग ऑन द फ्लोअर?" मी तिला आत पाठवलं. मिस्त्रीला इंग्रजी कळत नव्हतं हे एक बरं होतं. निघताना त्याने बायकोकडे पूजेतल्या पाच सुपाऱ्या मागितल्या.

"चौकट बसवली का उंबऱ्याखाली ठेवायची असते, वैनी. सुपारी, हळद आणि पैसा. बापाने सांगितलेलं. हितं दुकानात मिळते सुपारी, पण ती खायची."

बायकोने पाच सुपाऱ्या पिवळ्या दोऱ्यात बांधून दिल्या. पैसा मात्र तो घालणार नव्हता. "हितला पैसा परक्याचा," तो मला लिफ्टमध्ये म्हणाला. "तो घराला लागू पडायचा नाय." मुसलमानांच्या देशात सरकारी शाळेच्या उंबऱ्याखाली हळद आणि सुपारी. मी त्याला तिथेच दम द्यायला हवा होता. मी नुसता हसलो. मला ते गोड वाटलं होतं. गरिबाच्या श्रद्धा साहेबाला गोड वाटतात.

चार सुपाऱ्या तीन बाजूंच्या चार चौकटींखाली गेल्या. पाचवी उत्तर बाजूच्या तिसऱ्या दाराखाली गेली, आणि ती माझ्यामुळे गेली. त्या दाराची चौकट वाळवीने पायात खाल्ली होती, एका बाजूला कलली होती. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचा इंजिनिअर पाहणीला येणार होता. वादातल्या बाजूला कुणी हात लावायचा नाही असा लेखी हुकूम होता. पण चौकट त्याच्या डोक्यात पडली असती तर माझं काय झालं असतं?

"आजच्या आज काढून नीट बसव," मी मिस्त्रीला म्हणालो. "कागद नंतर करू."

त्याने कुजलेला भाग कापला, जुन्याच लाकडाचा तुकडा सांधला, उंबरा परत बसवला, वरून जस मारलं. संध्याकाळी मी बघितलं तर त्या दाराला कुणी हात लावला आहे असं देवालाही कळलं नसतं. कागद मी केला नाही.

मग ती बाई आली. युरोपातली वास्तुतज्ज्ञ, साठीच्या आसपासची, डोक्यावर गवती टोपी. नगरपालिकेने माझा अहवाल तपासायला तिला आणली होती. पहिल्याच दिवशी ती मिस्त्रीशेजारी उकिडवी बसली आणि त्याच्या घमेल्यात बोट घातलं. मग दोन आठवडे मी दुभाष्या झालो. ती काहीही दाखवायची आणि म्हणायची, त्याला विचारा त्याला काय वाटतं. मिस्त्री भिंतीवर टकटक करायचा, कान लावायचा, मराठीत दोन वाक्यं बोलायचा, मी ती इंग्रजीत करायचो, ती वहीत लिहून घ्यायची. माझे चव्वेचाळीस नकाशे टेबलावर पडून होते. माझ्या अंगाची नुसती लाही व्हायची. मी वर्षभर उन्हात तापलेली टेप धरली होती, आणि लिहून कुणाचं घेतलं जात होतं, तर दुसरी नापासाचं.

माझ्या साडेनऊ फुटांबद्दल ती म्हणाली, "मंदी आली तेव्हा लांब वासे मिळाले नसतील. आखूड वासे आले, म्हणून वर्ग अरुंद झाले. नक्षी करणाऱ्याला द्यायलाही काही उरलं नसेल. व्यापारी बुडत होता ते तुम्ही मोजलंत. लिहिताना मात्र विसरलात."

ती हसून म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. मला ते चपलेने मारल्यासारखं लागलं, कारण ती बरोबर असणार हे ऐकताक्षणी कळलं होतं. चंदलचा वासा लांबीला पुरत नाही म्हणून वर्ग अरुंद, हे मीच पहिल्या दिवशी शोधलं होतं, आणि त्याचंच पुढचं पाऊल मला सुचलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिला पुरावा मात्र हवा होता. उत्तर बाजूचा एक उंबरा उचलून खाली पाया बघायचा असं तिने ठरवलं. सगळ्यात धडधाकट उंबरा कुठला, तर तिसऱ्या दाराचा. मी पहार आणायला माणूस पाठवला, कारण अडवायचं तर हुकूम मोडल्याचं सांगायला लागलं असतं.

नगरपालिकेच्या इंजिनिअरसमोर उंबरा उचलला. खाली जसमध्ये बसलेली, हळदीने पिवळी झालेली सुपारी निघाली. दोरा मिस्त्रीने पाच जागी वाटतानाच काढून टाकला होता. बाई खाली बसली ती उठेचना. व्यापाऱ्याची मुंबईला ये-जा होती, तो तिकडचे गवंडी घेऊन आला असणार, ही बाजू त्यांनीच बांधली असणार. ती इंजिनिअरला भराभर समजावत होती. इंजिनिअरने सुपारी उन्हात धरून पाहिली. "इन्शाल्ला, ठेवू ही बाजू," तो म्हणाला. उद्या शेजारच्या दुसऱ्या दाराचा उंबरा काढू, बाई म्हणाली, तिथेही अशीच निघेल. मग मला म्हणाली, "तुमच्या मिस्त्रीला बोलवा. त्याच्या लोकांत असं करतात का, विचारा."

मिस्त्री हात पुसत आला. बाईच्या तळहातावरची सुपारी बघितली आणि त्याचा चेहरा फुलला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. झाकली मूठ ठेवायची अक्कल त्याच्यात नव्हती, कारण आपण काही झाकतोय हेच त्याला माहीत नव्हतं.

"ही माझीच हाय की साहेब," तो म्हणाला. "वैनींनी दिलेली. पण बाहेर का काढली? उंबऱ्याखालचं काढू नये."

बाई माझ्याकडे बघत होती. इंजिनिअर बघत होता. माझ्याकडे दोनतीन श्वास होते. हो, आमच्याकडे असं करतात, एवढं वाक्य पुरलं असतं. ते खोटंही नव्हतं. भिंत राहिली असती, तो राहिला असता, मुलगी शिकली असती, आणि माझा अहवाल तेवढा चुकीचा ठरला असता. हे सगळं मला तेव्हाच, त्याच क्षणी, नीट दिसत होतं. पुढे कधीतरी उमगलं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

मी इंग्रजीत सांगितलं, "तो म्हणतो ही त्याची आहे. त्याने गेल्या महिन्यात या दाराला हात लावला आणि स्वतःच ही घातली. कुणाची परवानगी न घेता. मलाही आत्ताच कळतंय."

शेवटची दोन वाक्यं खोटी. बाकी सगळं खरं होतं. खऱ्यात मिसळलेलं खोटं चांगलं बसतं, जसमध्ये बसलेल्या त्या लाकडाच्या तुकड्यासारखं. मी बोलत होतो आणि मिस्त्री माझ्या तोंडाकडे बघत हसत होता. एवढं लांब बोलतोय म्हणजे साहेब आपलं कौतुक करतोय असा त्याचा समज झाला. मी थांबलो तेव्हा त्याने छातीवर हात ठेवून बाईला मान लववली.

बाईचा चेहरा उतरला होता. "तो हसतोय," ती म्हणाली.

"त्याला याचं गांभीर्य कळत नाही," मी म्हणालो.

"काय बोलल्या बाई?" मिस्त्रीने विचारलं.

"तुझं काम आवडलं म्हणाल्या."

तो पुन्हा हसला आणि घमेल्यातलं जस वाळत होतं म्हणून पळत गेला. इंजिनिअरने हात झटकले. "खलास," तो म्हणाला. पुराव्यात ढवळाढवळ झालेली, आता या बाजूचं काहीच धरता येणार नाही. बाईने विरोध केला, दुसरा उंबरा तरी उघडू द्या म्हणाली. पण तो मिस्त्री साइटभर हिंडत होता, अजून कुठे काय पुरून ठेवलं असेल कुणी सांगावं, असं मीच नम्रपणे सुचवलं. इंजिनिअरला ते पटलं. माझा अहवाल आहे तसा मंजूर झाला.

मिस्त्रीला चौथ्या दिवशी पाठवलं. कंत्राटदाराने त्याला कारण सांगितलं नाही, यादीत नाव होतं तेवढं बस झालं. तो साइटवर थापी घ्यायला आला. डोळे सुजले होते, पण माझ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं हे खोटं आहे. राग नाही हे बघून मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

"तुम्ही बाईंना चांगलं सांगितलं माझ्याबद्दल," तो म्हणाला. "नशीबच नाय. एवढं करा साहेब, ती सुपारी परत जाग्यावर ठेवायला सांगा बाईंना."

"सांगतो," मी म्हणालो. सुपारी इंजिनिअरने तेव्हाच चौकात फेकून दिली होती.

तीन आठवड्यांनी उत्तर बाजू पाडली. पाडताना फोटो काढायचं काम माझं. बुलडोझर पूर्वेकडून आत शिरला, पहिला वर्ग पडला, मग दुसऱ्याची भिंत. दुसऱ्या दाराचा उंबरा उलटा होऊन माझ्या पायाशी आला. मिस्त्रीने त्या दाराला कधी हात लावला नव्हता. मी रोज तिथे होतो, मला माहीत होतं. उंबऱ्याच्या खालच्या अंगाला जस चिकटलं होतं, आणि त्यात एक काळी, किड्याने पोखरलेली सुपारी होती. हातात घेतली तर वजनच नव्हतं. तिच्या खाली हिरवा पडलेला तांब्याचा पैसा. अंगठ्याने घासला तर राजाचं डोकं दिसलं, दुसऱ्या बाजूला पाव आणा. त्या काळी या किनाऱ्यावर चलन आपल्याकडचंच होतं. ज्याने तो पैसा घातला त्याला तो परका वाटला नसणार.

म्हणजे बाई बरोबर होती. साठ वर्षांपूर्वी आमच्याच किनाऱ्यावरचा कुणीतरी गवंडी इथे येऊन त्या बुडत्या व्यापाऱ्याचे साडेनऊ फुटी वर्ग बांधून गेला होता, आणि मिस्त्रीने जे केलं तेच त्याने केलं होतं. दोन वर्ग अजून उभे होते. मी हात वर केला असता तर मशीन थांबलं असतं. ड्रायव्हर पठाण होता. मला वाकलेलं बघून त्याने इंजिन हळू केलं आणि खिडकीतून ओरडला, "क्या मिला साब?"

"कुछ नहीं," मी म्हणालो. "यल्ला, चलो."

त्याने गिअर टाकला. मी सुपारी आणि पैसा खिशात घातला आणि पुढचे फोटो काढले. फोटो चांगले आले.

घरी टेबलावर ठेवलेली सुपारी बायकोने उचलून बघितली. "ही आपली नाही," ती म्हणाली. "आपली कुठे गेली?" मी म्हणालो मला माहीत नाही. मिस्त्रीचं काय झालं तेही तिने विचारलं, मी म्हणालो वय झालं म्हणून कंपनीने पाठवला. मुलीने पैसा हातात घेतला आणि विचारलं, "इज इट वर्थ एनीथिंग?" मी "नो" म्हणालो. तिने तो ठेवून दिला. बायको त्यानंतर बराच वेळ माझ्याकडे न बघता भांडी लावत होती. मी तिला आजवर सांगितलेलं नाही, पण तिला कळलं नसेल असं मला वाटत नाही.

पुढच्या वर्षी संग्रहालय उघडलं. चौकाच्या तीन बाजू पांढऱ्याशुभ्र, मिस्त्रीच्या हाताच्या. चौथ्या बाजूला डांबर आणि पिवळे पट्टे. दाराशी फलक आहे, अरबीत आणि इंग्रजीत. मूळ वास्तू तीन बाजूंची असून चौथी बाजू नंतरची असल्याने काढण्यात आली, असं त्यावर लिहिलं आहे. इंग्रजी वाक्य माझ्या अहवालातलं आहे, त्यांनी स्वल्पविरामही बदललेला नाही. दोन हजार सालानंतर कधीतरी मुलीची शाळेची सहल तिथे गेली होती. तिने फलक वहीत उतरवून आणला आणि प्रोजेक्टला तिला तारा मिळाला.

मिस्त्रीचं पत्र आलं ते संग्रहालय उघडलं त्याच महिन्यात, ऑफिसच्या पत्त्यावर. अक्षर त्याच्या मुलीचं. असं वळणदार, एका रेषेतलं अक्षर मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. फळ्यावर शोभलं असतं. साहेबांना स.न.वि.वि. बाबांची तब्येत बरी आहे, गुडघे धरतात. मी डी.एड. सोडलं, दुसरं वर्ष जमलं नाही, आता वाडीतल्या अंगणवाडीत मदतनीस आहे, मुलांना खिचडी वाढते. तुम्ही गोऱ्या बाईंपुढे बाबांची बाजू घेतलीत हे बाबा अजून सगळ्यांना सांगतात. तुमचे उपकार आहेत. वहिनींना नमस्कार.

आणि खाली एक ओळ वेगळी लिहिलेली होती. बाबा रोज विचारायला सांगतात, तिसऱ्या दाराच्या उंबऱ्याखालचं परत ठेवलं का? तिथे मुलं ये-जा करत असतील, बाबांच्या जिवाला घोर लागून राहिला आहे.

मी त्याच दिवशी उत्तर लिहायला बसलो. टेबलावर ती दुसऱ्या दाराची काळी सुपारी होती. कागद उडू नये म्हणून मी पत्रावर तो पैसा ठेवला होता. मुलीच्या शिक्षणाचं वाचून वाईट वाटलं असं लिहिलं. मी कंपनीत पुष्कळ खटपट केली, पण माझं कुणी ऐकलं नाही असं लिहिलं. मग उंबऱ्याचं. सगळं जागच्या जागी आहे, काळजी करू नये.

अहवाल मी इंग्रजीत लिहिला होता. हे मात्र मराठीत लिहिलं, त्याला नीट कळावं म्हणून.